वाचणाऱ्याचा चेहरा कोणाचा?

व्यक्तिचित्र म्हणजे दोन दृष्टींचा करार होय. चित्रकार पाहत असतो, आणि आपणांस कोणी पाहत आहे हे समोर बसलेला मनुष्य जाणून असतो. त्याची मान ताठ होते, ओठ मिटतात, आणि जगाने आपणांस जसे पाहावे असे त्याला वाटते, तसा चेहरा तो धारण करितो. परंतु पुस्तकात गढून गेलेल्या मनुष्याचे चित्र कोणी जलरंगांत उतरवू लागला, म्हणजे हा करारच उरत नाही. देह समोर असतो, मन तेथे नसते. अशा बेसावध चेहऱ्यावर चित्रकाराचा अधिकार कितपत पोहोचतो, हा प्रश्न कलेइतकाच नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, यात चोरी कसली? चेहरा तर सर्वांनाच दिसतो. हे खरे, पण दिसणे निराळे आणि टिपून ठेवणे निराळे. वाचता वाचता कपाळाला आठी पडते, ओठ नकळत हलतात, क्वचित डोळे पाणावतात. हे सारे त्या ग्रंथासाठी असते, आपल्यासाठी नव्हे. बरे, आधी अनुमती मागावी, तर मागताक्षणीच वाचक नाहीसा होतो आणि वाचनाचे सोंग घेतलेला मनुष्य मागे राहतो. न विचारावे तर अन्याय, विचारावे तर असत्य, असा हा पेच आहे.

फ्रेंच चित्रकार फ्रागोनार याने सुमारे १७६९ मध्ये काढलेले वाचणाऱ्या तरुणीचे तैलचित्र वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. क्ष-किरणांनी तपासता असे दिसून आले की, आजच्या चेहऱ्याखाली आधी दुसरा चेहरा रंगविलेला होता, आणि तो प्रेक्षकाकडे पाहत होता. पुढे तो झाकून तेथे पुस्तकाकडे वळलेले मुख काढण्यात आले. हेतू काहीही असो, परिणाम अर्थपूर्ण आहे. पहिल्या चेहऱ्याला आपली दखल होती. दुसऱ्याला आपण असलो काय आणि नसलो काय, सारखेच!

तैलरंगाने एक चेहरा झाकून दुसरा काढता येतो. पारदर्शक जलरंगाला ही मुभा नाही. त्याच्या जुन्या शिस्तीत पांढरा रंग वापरीत नाहीत. कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश. उघड्या पुस्तकाचे पान उजळावयाचे तर ते कोरे राखावे लागते. म्हणजे कोठे हात लावावयाचा नाही, हे कुंचला भिजविण्यापूर्वीच ठरवावयाचे. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर याच्या १८७७ मधील एका जलरंगचित्रात नारिंगी पोशाखातील मुलगी कुशीवर पहुडून वाचीत आहे. चित्राचे नाव ‘नवी कादंबरी’. पण कोणती कादंबरी, हे ते नाव सांगत नाही. तिचे वाचन तिच्यापाशीच राहिले आहे.

आमच्या मते वरील पेचाची सोडवणूक याच संयमात आहे. जे आपले नाही, ते कोरे ठेवावे. वाचकाचे बाह्यरूप रंगवावे. त्याच्या मनात काय चालले आहे, याचा निवाडा करू नये. आणि पुस्तक मिटल्यावर ते चित्र प्रथम त्याच्यापुढे ठेवावे. त्याने ‘नको’ म्हटले, तर कागद त्याच्या हाती द्यावा. एखादे उत्तम चित्र यामुळे जगास मुकावे लागेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दुसऱ्याच्या एकांतावर उभारलेल्या सौंदर्याची एवढी किंमत द्यावयास चित्रकाराने तयार असलेच पाहिजे.

आज तर हा प्रश्न चित्रकारापुरता उरलेला नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि आगगाडीच्या डब्यात वाचीत बसलेल्या अनोळखी मनुष्याचे छायाचित्र क्षणार्धात घेऊन ते हजारोंना दाखविता येते. चित्रकाराला निदान काही वेळ त्या मनुष्याच्या शांततेत स्वतःही शांत बसावे लागे. तेवढ्या अवधीत सदसद्विवेकाला बोलावयास सवड मिळे. आता ती सवड यंत्र देत नाही. ती आपली आपणच काढावयास हवी.