बुटाची नाडी

बुटाची नाडी बांधणे बहुतेक मुलांना पाचव्या ते सातव्या वर्षाच्या दरम्यान जमू लागते. त्याआधी दोन्ही हातांना एकाच वेळी निरनिराळी कामे देणे जड जाते. एका चिमटीत फासा धरायचा, दुसरे टोक त्याच्याभोवती फिरवायचे आणि अंगठ्याखालच्या फटीतून ते ओढून घ्यायचे. यात एक बोट जरी सैल पडले तरी सगळे सुटते.

दिल्लीच्या सरोजिनी नगरसारख्या सरकारी नोकरदारांच्या वस्तीत या शिक्षणाची वेळ ठरलेली असते: सकाळी, शाळेची व्हॅन दाराशी आल्यावर. म्हणजे शिकवायला सर्वांत वाईट वेळ. मोठे माणूस खाली बसते, झटकन गाठ मारते आणि मूल मान वर करून बघत राहते. शिवाय समोर बसून दाखवले की डावे-उजवे उलटे दिसते. मुलाच्या मागे किंवा शेजारी बसावे, ही साधी गोष्ट फार थोडे पालक करतात.

मारिया माँटेसरी यांनी हे काम पायातून काढून टेबलावर आणले. चौकटीवर ताणलेल्या कापडाला बटणे, हूक, बक्कल, नाडी, फीत लावून मुलाने सावकाश सराव करायचा. भावनगरला 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघातून गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसरींचे बालशिक्षण इकडे रुजवले. 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला.

क्रम उलटा ठेवला तर जास्त सोपे जाते. मोठ्याने सगळी गाठ बांधून शेवटचे ओढणे तेवढे मुलावर सोपवावे, मग त्याच्या आधीची पायरी, मग त्याच्याही आधीची. गाठ पुरी झाल्याचे समाधान पहिल्याच दिवशी मिळते. दोन टोकांना दोन रंगांच्या नाड्या जोडल्या तर कोणते टोक कुठे गेले हे दिसते. वेणीच्या रिबिनीचे फूल हीच गाठ असल्याने ज्या मुली ते बांधतात, त्यांना बूट अवघड वाटत नाही.

गाठ वारंवार सुटत असेल तर दोष बहुधा मुलाच्या बोटांचा नसून वेढ्याचा असतो. पहिला आणि दुसरा वेढा एकाच दिशेने गेले की फूल बुटावर आडवे न बसता उभे राहते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले की पाऊल आपटण्याने गाठ सैल होते, पाय झुलण्याने टोके ओढली जातात आणि अशी उभी गाठ लवकर सुटते. उपाय इतकाच, की पहिला वेढा उलट दिशेने घालावा.

चिकटपट्टीच्या बुटांमुळे हे सगळे लांबणीवर पडते. त्यात गैर काही नाही. पण शिकवायचेच असेल तर रविवारची दुपार काढावी, सोमवारची सकाळ नव्हे.