सोडून दिलेला मासा

एखाद्या जीवाला आधी संकटात घालावे आणि मग त्यातून सोडवावे, याला दया म्हणता येईल काय? प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गात शोभणारा वाटेल. परंतु अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात शेनँडोआ नदीच्या कंबरभर पाण्यात उन्हाळ्याच्या दिवशी गळ घेऊन उभी राहणारी माणसे हाच प्रश्न आपल्या कृतीने उभा करीत असतात.

ही माणसे होडी वापरीत नाहीत. शेवाळलेल्या खडकांवरून एकेक पाऊल चाचपीत ती प्रवाहातून चालतात. ‘स्मॉलमाऊथ बास’ हा कांस्यवर्णी मासा खडकाच्या आडोशाला, वेगवान धार आणि संथ पाणी यांच्या शिवेवर, भक्ष्याची वाट पाहत असतो. त्याला शोधायचे तर पाण्याचा रंग, भोवरे, सावल्या यांचा अर्थ लावता यावा लागतो. असा दिवस घालवणारा मनुष्य घड्याळ विसरतो, मौन शिकतो आणि सृष्टीपुढे नम्र होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र दिवसभरात वीस मासे गळाला लागले, तरी पुष्कळदा तो रिकाम्या हातांनी घरी परततो. कारण गळ काढून प्रत्येक मासा त्याने पुन्हा पाण्यात सोडलेला असतो.

या छंदामागे मोठी परंपरा आहे. आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाने १६५३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ या ग्रंथात गळ टाकणे ही चिंतनशील मनुष्याची करमणूक ठरवली. मासा सोडून देण्याच्या प्रथेचा पुरस्कार अमेरिकेत ली वुल्फ यांनी १९३९ साली केला. पकडलेला मासा मारला, तर त्याचा आनंद एकालाच मिळतो. सोडला, तर दुसऱ्यालाही मिळू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. या युक्तिवादात मितव्यय आहे, दूरदृष्टीही आहे. पण मासा येथे कोणाच्या दृष्टीने मोलाचा ठरला? गळ टाकणाऱ्याच्याच.

माशाच्या बाजूने पाहिले, तर चित्र पालटते. २००३ साली लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राऊट माशांच्या ओठांत दाहक द्रव्ये टोचून निरीक्षण केले. ते मासे खाईनासे झाले. काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. माशाला वेदना ‘जाणवते’ काय, यावर शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत; परंतु इजेची दखल त्याचे शरीर घेते, एवढे स्पष्ट आहे. जर्मनीत सबळ कारणावाचून प्राण्यास वेदना देणे हा गुन्हा आहे. म्हणून केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासा पकडणे तेथे सामान्यतः बेकायदा मानले जाते. भुकेल्याने मासा मारला तर कायदा त्याला दोष देत नाही. ज्याने गंमत म्हणून पकडून जिवंत सोडला, त्याला मात्र जाब विचारतो.

आपल्या वाचकांना हे विचित्र वाटू नये. शुभवर्तमानांत मासे धरण्याचे प्रसंग अनेक आहेत. पण ते जाळ्याचे, पोटासाठी राबणाऱ्या कोळ्यांचे आहेत. गळाचा उल्लेख येतो तो एकदाच, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात; आणि तेथेही पेत्राने गळ टाकावयाचा तो मंदिराचा कर भरण्यासाठी. गरज आणि मौज यांतील हा भेद लहान नव्हे.

तथापि दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. २००४ व २००५ साली शेनँडोआ नदीत बास मोठ्या संख्येने मेले. त्याआधी २००३ साली पोटोमॅकच्या साउथ ब्रँच या शाखेतील नर बासच्या वृषणांत अपक्व अंडी आढळली होती. अशा वेळी नदीसाठी आवाज उठवणाऱ्यांत तिच्यात उभे राहून दिवस घालवणारेही असतात. आपल्याकडे कावेरीतील वशिंडाचा महाशीर नाहीसा होत असल्याचे ध्यानात आले, तेही गळ टाकणाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदींवरून. २०१८ साली तो मासा अतिसंकटग्रस्त ठरला. ज्याच्यात आपला आनंद गुंतलेला असतो, त्याची काळजी मनुष्य वाहतो. हेतू निर्भेळ नसला, तरी त्यातून हित घडू शकते.

मग निवाडा कसा करावा? बास माशाच्याच जीवनातून त्याचे उत्तर मिळते. वसंत ऋतूत नर बास नदीच्या तळाशी खडे साफ करून घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते, आणि राखण करतो तो बाप. जवळ येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तो तुटून पडतो, म्हणून या दिवसांत त्याला पकडणे अगदी सोपे असते. त्याला काही मिनिटे पाण्याबाहेर धरून सोडून दिले, तर तो जगतो. पण तेवढ्या अवकाशात सनफिशसारखे लहान मासे अंडी फस्त करू शकतात. सोडणाऱ्याच्या हिशेबी नुकसान शून्य. घरट्याच्या हिशेबी सर्वस्व गेले! त्या माशाला खरोखर जपणारा मनुष्य घरटे दिसताच गळ गुंडाळतो आणि दूर जातो. त्याच्या दयेचा कोणी साक्षी नसतो, आणि छायाचित्रही निघत नाही.

वाचकहो, हा हिशेब केवळ नदीकाठचा नाही. वर्षभर मजुराला अपुरी मजुरी द्यावी आणि नाताळात त्याच्या मुलांना कपडे वाटावेत. जादा व्याजाने ऋणकोला पिळावे आणि मंदिराच्या बांधकामास देणगी द्यावी, अशी दया आपल्या मंडळ्यांतही अनोळखी नाही. देणाऱ्याला ती खरी वाटते, कारण सोडून देतानाचा समाधानाचा क्षण खराच असतो. परंतु गळ कोणी टाकला होता, हा प्रश्न त्या क्षणी कोणी विचारीत नाही. आपल्या औदार्याची मोजदाद करण्यापूर्वी तो प्रश्न आपणच आपल्याला विचारावा. आणि उत्तर अडचणीचे निघाले, तर पुढच्या वेळी देणगीची रक्कम वाढवण्याऐवजी मजुराची मजुरी वाढवावी.