गोदेचा गाळ आणि कर्मफल

रामकुंडाच्या अस्थिविलय तीर्थात पित्याच्या अस्थी सोडणाऱ्या नाशिककराची श्रद्धा अशी की, गोदामाईच्या उदरात गेलेले सर्व काही विलीन होते. परंतु २००६ साली भारतीय गॅस हायड्रेट शोधमोहिमेवर आलेल्या ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ जहाजाने बंगालच्या उपसागरात, गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे १२७० मीटर पाण्याखालच्या तळात नळी उतरवून गाळाचा जो स्तंभ वर काढला, त्याची साक्ष निराळी आहे.

त्या गाळात खोऱ्यातील पानांवरच्या मेणाचे अंश सहस्रावधी वर्षे शाबूत राहिलेले आढळले, आणि त्यांतील जड व हलक्या कार्बनच्या प्रमाणावरून झाडोरा कधी दाट होता, अवर्षण सोसणारे गवत कधी माजले, हे शास्त्रज्ञांना वाचता आले. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून खोरे रुक्ष होऊ लागले, सुमारे १७०० वर्षांपूर्वी ती रुक्षता अधिकच वाढली. आणि याच रुक्ष काळात दख्खनच्या काळ्या खडकाची माती समुद्रास पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक मिळू लागली, याचे एक कारण संशोधक वाढत्या शेतीत पाहतात. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांनी नाशिक व जोर्वे येथे ज्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या उकरून काढल्या, तेथील कास्तकारही जमिनीच्या त्या झिजेस निमित्त झाले असतील.

काहीही नष्ट होत नाही, केवळ अव्यक्त होते, हे सांख्यांचे मत येथे सहज पटते. पण माझ्या मनाला छळणारा प्रश्न त्यापुढचा आहे. कर्माचे फळ कर्त्यासच भोगावे लागते, असे आपण मानतो. मग ज्याचे नाव, गोत्र, भाषा यांपैकी एकाचाही मागमूस उरला नाही, त्याने नांगरलेल्या जमिनीची झीज मात्र समुद्रतळाच्या दप्तरी नोंदली गेली असेल, तर ते फळ कोणाच्या खाती जमा धरावे? कर्मसिद्धान्तास आपण फार खाजगी करून टाकले, असे मला निश्चितपणे वाटते. कर्ता हरपला तरी कर्म त्या भूमीवर राहणाऱ्याकडे ऋण होऊन येते. आणि ज्यांचे नामगोत्र ठाऊक नाही त्यांच्याही नावे तर्पणात पाणी सोडावयास सांगणाऱ्या धर्मशास्त्राला या नात्याची जाणीव असावी.

गंगापूर, जायकवाडी यांसारख्या धरणांनी आता त्याच गाळाचा मोठा हिस्सा वाटेतच अडविला आहे. हे कर्म तर आपलेच आहे, आणि त्याचे फळ, म्हणजे गाळावाचून झिजणारा किनारा, भोगणारी माणसे गोदेच्या मुखाशी, आपल्याला अनोळखी अशा गावांत राहतात.