गरोदरपणाची राखण कोणी करावी?

निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा व पुवा या दोन सुइणींची नावे नोंदलेली आहेत. ज्या फारोची आज्ञा त्यांनी मोडली त्याचे नाव मात्र तेथे नाही. सुइणीच्या कामाला पवित्र शास्त्राने दिलेला हा मान आपण प्रवचनांतून ऐकतो. परंतु घरातील सून गरोदर राहिली असता तिला सुइणीच्या हाती सोपवावे, असे आपल्यापैकी क्वचितच कोणाच्या मनात येते. त्यास कारणेही आहेत. सुईण म्हटली की अंधारी खोली, अस्वच्छ पाते आणि धनुर्वाताने गेलेली अर्भके डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि ते चित्र खोटे नव्हते.

तथापि आज जिच्याविषयी विचार चालला आहे ती सुईण निराळी. २०१८ साली भारत सरकारने सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार अनुभवी परिचारिकेने १८ महिन्यांचे विशेष शिक्षण घ्यावे आणि निरोगी स्त्रीचे गरोदरपण, प्रसूती व त्यानंतरची देखभाल स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळावी, अशी योजना आहे. येथेच प्रश्न उभा राहतो. डॉक्टरऐवजी सुईण देणे ही गरीब स्त्रीची बोळवण तर नव्हे?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते असे की, गरोदरपण हा आजार असून आजाराला अधिक शिकलेला वैद्य अधिक चांगला. वस्तुतः निरोगी स्त्रीच्या गरोदरपणात करावयाचे काम बहुतांशी राखणीचे असते. रक्तदाब मोजणे, लघवीतील प्रथिने तपासणे, रक्तातील हिमोग्लोबिन पाहणे, पोटावर हात ठेवून गर्भाची वाढ व स्थिती अजमावणे, बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकणे: यांतील प्रत्येक गोष्ट दोन मिनिटांत उरकता येते, आणि आपल्या बाह्यरुग्ण विभागांतील रांगांमध्ये ती तशीच उरकली जाते. कार्ड भरते, बाई अनोळखीच राहते.

लोहाच्या गोळ्यांचे उदाहरण घ्या. कार्डावर गोळ्या दिल्याची नोंद असते, तरीही पुढच्या महिन्यात रक्त वाढलेले नसते. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, बद्धकोष्ठ होतो, म्हणून ती गोळ्या पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवते. कदाचित घरात सर्वांचे जेवण आटोपल्यावर तिच्या वाट्याला भाताची खरवड तेवढी उरत असेल. कदाचित नवरा हात उगारत असेल. या गोष्टी ती कोणाला सांगेल? दर खेपेस नवा चेहरा भेटत असेल तर कोणालाच नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्याच बाईने तिच्या नावाने हाक मारली, मागच्या वेळचे दुखणे आठवून विचारले, तर जीभ सैल होते. म्हणून आरंभापासून अखेरपर्यंत एकच सुईण असणे, हे मला या सेवेचे मर्म वाटते. विश्वास हा येथे उपचाराचाच भाग आहे.

हे आपल्या मिशन-इतिहासाला नवे नाही. आयडा स्कडर तरुणपणी तमिळ मुलुखात असताना एकाच रात्री तीन पुरुष आपापल्या अडलेल्या पत्नींसाठी मदत मागण्यास आले. तिचे वडील डॉक्टर होते. परंतु परपुरुषाने पत्नीला हात लावणे तिघांनाही मान्य नव्हते. तिन्ही स्त्रिया दगावल्या. वैद्यकीय ज्ञान त्याच घरात होते. त्या स्त्रियांपर्यंत पोहोचू शकेल असा हात नव्हता. आयडाबाई पुढे डॉक्टर झाल्या, आणि वेल्लोरचे रुग्णालय व महाविद्यालय त्यातूनच उभे राहिले.

आता प्रमाणांविषयी. २०२४ साली अद्ययावत झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्यांतील १८,००० हून अधिक स्त्रियांचा विचार केला आहे. एकाच सुइणीची किंवा सुइणींच्या लहान गटाची सलग सोबत लाभलेल्या स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती कमी दिसल्या, आणि त्यांचे समाधानही अधिक होते. अकाली प्रसूती टळतात, हा पूर्वीचा निष्कर्ष मात्र नव्या आढाव्यात टिकला नाही. शिवाय या चाचण्या मुख्यत्वे संपन्न देशांतील आहेत. तेव्हा चमत्काराची भाषा नको. परंतु आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे आढळले, आणि सरकारी रुग्णालयांत तेच प्रमाण १४.३ टक्के होते. इतकी तफावत केवळ स्त्रियांच्या शरीरातून निर्माण होत नाही. सबुरी महाग पडते, हे तिचे एक कारण असावे. (डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, वाट पाहण्याचे शुल्क आपण रुग्णही देत नाही.)

संकट अचानक येते, हा आक्षेप खरा आहे. रक्तदाब १४०/९० वर गेला, लघवीत प्रथिने आली, डोके ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तर ते काम सुइणीचे एकटीचे राहत नाही. त्याच दिवशी डॉक्टर हवा. आपली मर्यादा ओळखणारीच सुईण विश्वासास पात्र. त्याबरोबर डॉक्टरचेही एक कर्तव्य येते. पाठवलेली स्त्री सुखरूप निघाली म्हणून सुइणीला चारचौघांत झिडकारू नये. कारण एकदा झिडकारलेली सुईण पुढच्या खेपेस पाठवताना कचरते, आणि त्या कचरण्याची किंमत तिसरीच कोणी स्त्री मोजते.

बोळवणीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच सापडते. ब्रिटन व नेदरलँड्स येथे निरोगी गरोदर स्त्री, मग ती श्रीमंत असो वा गरीब, प्रथम सुइणीकडेच जाते. आपल्याकडे सुईण केवळ ज्यांना डॉक्टर परवडत नाही त्यांच्यासाठी ठेवली, तर तो अन्यायच होईल. विश्वस्तांच्या सुना-लेकीही तिच्याकडे जात असतील, आणि डॉक्टरचे दार दोघींनाही सारखेच उघडे असेल, तर तसे म्हणता येणार नाही.

आपल्या मिशन रुग्णालयांच्या परिचारिका-शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलींना सुईणकाम शिकवले. शिकून बाहेर पडल्यावर बहुतेकींच्या वाट्याला आले ते हुकूम झेलणे. एखाद्या रुग्णालयाच्या समितीने आपल्या दोन अनुभवी परिचारिकांना त्या १८ महिन्यांच्या शिक्षणासाठी पाठवावे. परतल्यावर प्रत्येकीच्या नावे वीस-पंचवीस स्त्रिया नोंदवाव्यात, आणि त्या वर्षी त्यांची रात्रपाळीच्या वॉर्डात बदली करू नये.