हलगीवाल्याचे डोळे

माझा भाचा सुट्टीत रहिमतपूरला आला, की रात्री जेवणं झाल्यावर माडीवर जातो आणि मोबाइलवर बीजीएमआय खेळत बसतो. कानात हेडफोन असतात, पण गाणं नसतं. एरवी हा मुलगा आंघोळीला जातानाही गाणं लावून जातो, म्हणून मी विचारलं. मान वर न करता तो म्हणाला, "मामा, गाणं लावलं की पावलं ऐकू येत नाहीत."

पावलं म्हणजे शत्रूची. तो कोणत्या बाजूनं येतोय, जिना चढतोय की घराबाहेर फिरतोय, हे त्या खेळात आधी कानांना कळतं, मग डोळ्यांना. लॉबीत मित्र जमेपर्यंत भाच्याची गाणी जोरात चालू असतात. विमानातून उडी मारायची वेळ आली की बंद. पण हाच मुलगा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला बसतो, तेव्हा गेमचा आवाज बंद करून स्वतःची गाणी लावतो. म्हणजे कुठे काय ऐकावं याचा त्यानं विचार केलेला आहे. त्याला तो विचार वाटत नाही, एवढंच.

खेळताना कोणतं गाणं लावावं, हा प्रश्न मोठ्या माणसांना रिकामपणाचा वाटतो. मला तसं वाटत नाही. हात गुंतलेले असताना कान मोकळे ठेवायचे नाहीत, ही आपली फार जुनी सवय आहे. माझ्या आजीच्या पिढीनं पहाटे जात्यावर ओव्या म्हटल्या. ज्वारीच्या काढणीला भलरी होती, मोटेवर मोटेची गाणी होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या 1 लाखाच्या वर गेली. एवढं सगळं काव्य दळता दळता झालेलं आहे. आणि खेळ? मंगळागौरीचा झिम्मा किंवा फुगडी गाण्याशिवाय खेळून पाहा. चार गिरक्यांत पाय चुकतात. हुतूतूत तर दमच आवाजाचा असतो, आवाज तुटला की गडी बाद.

पण या गाण्यांत आणि भाच्याच्या प्लेलिस्टमध्ये एक मोठा फरक आहे. तो मला आमच्या भागातल्या एका जत्रेच्या कुस्ती मैदानात दिसला.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला हलगीबद्दल सांगायला नको, तरी जवळून पाहिलेलं सांगतो. मैदान सुरू होण्याआधी बाजूला पाचटाचा छोटा जाळ करून हलगीवाले कातडं शेकत होते. एक जण हलगी जाळावर फिरवायचा, कानाजवळ नेऊन बोटानं टिचकी मारायचा, पुन्हा जाळावर धरायचा. सूर चढा लागेपर्यंत हे चाललं होतं. मग एका हातात जाड काठी, दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि शेजारी घुमकं आणि कैताळ. जोड लागली. खडाखडी सुरू होती तोवर हलगी सावकाश होती, नुसती चाल धरून. मी वाजवणाऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे हलगीवर नव्हतेच. ते दोन्ही पैलवानांच्या पायांवर होते. एकानं पट काढला आणि त्याच क्षणी ठोका दुप्पट झाला. खालचा गडी निसटला, तशी हलगी पुन्हा खाली आली. पुढे कुस्ती बराच वेळ अडून राहिली, कुणी हलेना, तेव्हा त्यानं ठोका बारीक केला, इतका की मैदानातली माणसं आपोआप गप्प झाली. मग पैलवान चितपट झाला आणि हलगी अशी कडाडली, की पलीकडच्या बांधावरच्यालाही निकाल समजला असेल.

हे संगीत आधी निवडलेलं नव्हतं. ते खेळ पाहत होतं. जात्यावरच्या ओवीचंही तेच. पीठ जाड येतंय, हात दमलाय, हे गाणारीला माहीत असतं, कारण दळणारी तीच असते.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांना हे लवकर उमगलं. 1978 साली जपानमध्ये आलेल्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये संगीत म्हणजे उतरत जाणारे चार सूर, पुन्हा पुन्हा. पण परग्रहावरचे शत्रू कमी होत जातात तसे ते सूर जलद होत जातात आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधडायला लागतं. ज्यांनी लहानपणी टीव्ही गेमवर मारिओ खेळलाय, त्यांना वेळ संपत आल्यावर अचानक पळत सुटणारी ती चाल आठवत असेल. पुढे लुकासआर्ट्स कंपनीतल्या मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी आयम्यूझ नावाची व्यवस्थाच तयार केली आणि 1991 च्या मंकी आयलंडच्या दुसऱ्या भागात ती पहिल्यांदा वापरली. त्यातल्या एका वस्तीत तुम्ही एका घरातून दुसऱ्या घरात जाता, तेव्हा चाल तुटत नाही, फक्त तिचा साज बदलतो. खेळणारा कुठे आहे, काय करतोय, यावर संगीत नजर ठेवून असतं. यंत्राला हलगीवाल्याचे डोळे देण्याची ही खटपट आहे, आणि मी तिला मनापासून मान देतो.

आपण स्वतःचं गाणं लावतो तेव्हा नेमके हे डोळे काढून घेतो. 2001 च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये आपल्या सीडीवरची गाणी साठवून काही गेममध्ये वाजवायची सोय होती, तेव्हापासून ही मुभा खेळणाऱ्याच्या हातात आली. गाणं त्याच्या वेगानं जातं, खेळ त्याच्या वेगानं. मग दोघांचा मेळ कुणी घालायचा? निवडणाऱ्यानं. म्हणून माझं म्हणणं आहे, की गाणं आवडीनुसार लावू नये, लयीनुसार लावावं. कोणता गायक, कोणता सिनेमा, हे नंतर. आधी खेळाची चाल विलंबित आहे, मध्य आहे की द्रुत आहे, ते पाहावं.

लय ही वरवरची गोष्ट नव्हे. ती हातात उतरते. इस्रायलमधले संशोधक वॉरेन ब्रॉडस्की यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना पडद्यावरची गाडी चालवायला दिली आणि वेगवेगळ्या लयीचं संगीत ऐकवलं. लय वाढली तसा गाडीचा वेग वाढला. लाल दिवा तोडणं, धडकणं, पट्टा ओलांडणं हे सगळं जलद संगीतात जास्त झालं. शर्यतीच्या गेममध्ये भाच्याला वेगच हवा असतो, तिथे जलद गाणं त्याच्या बाजूनं लढतं. बुद्धिबळात तेच गाणं घाई करायला लावेल आणि वजीर घालवेल.

शब्दांचंही पाहायला हवं. ज्या गेममध्ये संवाद वाचायचे असतात, तिथे आपल्या भाषेतलं गाणं आड येतं. मराठी शब्द कानावर पडले की मन त्यांचा अर्थ लावल्याशिवाय राहत नाही. पडद्यावरची ओळ वाचली जाते, पण डोक्यात शिरत नाही. अशा वेळी नुसती बासरी, सतार, संतूर चांगली. किंवा मग गेमचंच संगीत राहू द्यावं. निदान पहिल्या खेपेला तरी राहू द्यावंच, असा माझा आग्रह आहे. 2016 सालचा स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसानं बनवला. चित्रं त्याची, गोष्ट त्याची, संगीतही त्याचंच, आणि प्रत्येक ऋतूला वेगळं. ते न ऐकता तो गेम खेळणं म्हणजे एखाद्याच्या घरी जेवायला जाऊन स्वतःचा डबा उघडण्यासारखं आहे.

त्याच गेमवर मी एकदा अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी लावली. आमच्या स्टेशनावरून गाडी थेट मिरजेला जाते. खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली गेले, आणि तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ आजही गवई हजेरी लावतात. त्या काळची तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्या वेळात माझा हात थांबलेला होता, रोपांना पाणी घालायचं राहिलं होतं. आणि गाणं संपल्यावर लक्षात आलं, की गाणंही मी अर्धंच ऐकलंय, कारण अर्धं लक्ष त्या वाफ्यांवर होतं. त्या दिवसापासून मी ठरवलं, की जे गाणं आपल्याला सगळ्यात प्रिय आहे ते खेळाखाली अंथरायचं नाही. ते ऐकताना फोन उलटा ठेवायचा. शांत आहे म्हणून ते मागे वाजायला चालेल, हा समज चुकीचा आहे. शांत गाणं जास्त लक्ष मागतं.

गाणं आणि खेळ यांचं हे भांडण मराठी माणसानं रंगभूमीवर आधीच पाहिलंय. ते सोडवणाऱ्यांपैकी एक, नाटककार वसंत कानेटकर, मूळचे रहिमतपूरचे, त्यांचा जन्म इथला. जुन्या संगीत नाटकांत पद सुरू झालं की नाटक थांबायचं आणि वन्समोअर घेता घेता पहाट व्हायची. गाणं थोर होतं, पण पात्रं उभीच. 1964 साली कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा'ला जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलं, ते आटोपशीर ठेवलं, नाटकाच्या ओघात बसवलं. 1966 च्या 'लेकुरे उदंड जाली'मध्ये तर पात्रं बोलता बोलता गातात आणि गाता गाता बोलतात, गोष्ट कुठेही खोळंबत नाही. चांगलं गाणं कधी आखूड करायचं, कधी मागे घ्यायचं, याची जाण असलेली दोन माणसं एकत्र आली म्हणून ते झालं. गेमला संगीत देणाऱ्यानं या दोन नाटकांचा अभ्यास करावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता आपल्याकडेही गेम बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 साली 'राजी' आणला. त्यात दुर्गा आहे, विष्णू आहे, राजस्थानी धाटणीचे महाल आहेत. संगीत ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांनी दिलंय, भारतीय वाद्यं घेऊन, आणि ते मन लावून केलेलं काम आहे. पण कुणीतरी एकदा आपल्या इकडचा ठोकाही त्या पडद्यावर आणायला हवा. खेळणारा अडकला की बारीक होणारी आणि त्यानं डाव टाकला की दुप्पट होणारी हलगी. ती ज्यांना येते ती माणसं अजून आहेत, आणि जत्रेच्या दिवसाची सुपारी घेऊन मैदानात वाजवतात.

पुण्याहून रहिमतपूर एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. गेम बनवणाऱ्या पोरांनी जत्रेच्या हंगामात या भागातल्या एखाद्या मैदानावर यावं, हलगीवाल्यांच्या शेजारी जागा धरावी आणि आवाज टिपून घ्यावा. वाजवणाऱ्याला त्याचे पैसे द्यावेत, गेमच्या शेवटी त्याचं नाव लिहावं. कुस्त्या दुपारी सुरू होतात, पण कातडं शेकताना पाहायचं असेल तर तासभर आधी यावं.