ठशाचे फूल आणि कर्त्याचा भाव

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भावार्थदीपिका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तिच्या नवव्या अध्यायात, मूळ गीतेतील २६ व्या श्लोकाच्या अनुषंगाने, पान, फूल, फळ किंवा पाणी यांचे मोल वस्तूत नसून अर्पण करणाऱ्याच्या भावात आहे, हा विचार मांडला आहे. त्या विचारापुढे आजचा एक प्रश्न ठेवता येतो: जे फूल वेलीवर उमललेच नाही, जे ठशाने कागदावर उमटवले आणि ज्याच्यासारखी आणखी कितीही उमटवता येतील, ते हाताने केलेल्या शुभेच्छापत्रातून दुसऱ्याला देणे हे अर्पण ठरते काय?

येथे पहिली शंका कर्तृत्वाची आहे, कारण फुलाची रेषा ठसा कोरणाऱ्याची असते, पत्र करणाऱ्याची नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे निरनिराळ्या क्रिया, आणि दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ देह आणि करणांचा अर्थ इंद्रिये असा घेतात. तोच विचार बाहेरच्या साधनांपर्यंत वाढवला, तर जाड कागद हा आधार ठरतो, ठसा व शाई ही साधने ठरतात, आणि फिकट शाई आधी लावून कडेकडे गडद छटा चढवत, ब्रश कागदाबाहेरून आत हलक्या हाताने गोल फिरवत दोन रंगांची सीमा पुसून टाकणे ही चेष्टा ठरते. एवढे करूनही शाई कागदात किती मुरेल हे पूर्णपणे कर्त्याच्या हाती नसते. म्हणून ठसा उसना असणे हे वैगुण्य नव्हे. कोणत्याही कर्मात कर्ता हा पाचांपैकी एकच असतो, ही गोष्ट येथे केवळ अधिक उघड दिसते.

दुसरी शंका पुनरावृत्तीची आहे. मात्र नामजपात अक्षरे तीच राहतात, तरी त्यामुळे जप निष्फळ ठरतो असे वारकरी परंपरा मानत नाही. त्याच त्या अक्षरांपाशी चित्त पुन्हा पुन्हा आणणे हीच तेथे साधना असते. ठशाचेही तसेच आहे, कारण आकृती तीच असली तरी प्रत्येक वेळी शाई नव्याने लावावी लागते, दाब नव्याने तोलावा लागतो, आणि अवधान ढळले की कडा फिसकटते.

१८४३ मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी नाताळचे शुभेच्छापत्र छापून घेतले, ते अनेकांना स्वतंत्र पत्रे लिहिण्याचे श्रम वाचावेत म्हणून. हाताने केलेले पत्र तेच श्रम पुन्हा स्वीकारते. परंतु श्रमालाच मोल मानले, तर श्रमाचा अभिमान भावाची जागा घेतो, आणि नवव्या अध्यायाच्या कसोटीने पाहता निर्मळ मनाने पाठवलेले विकतचे पत्रही उणे ठरत नाही. गीतेचा सतरावा अध्याय याहून कठोर कसोटी देतो: ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याला, देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच जाणिवेने, योग्य स्थळी, काळी व पात्री दिलेले दान सात्त्विक, आणि प्रत्युपकाराच्या अपेक्षेने किंवा फळावर दृष्टी ठेवून दिलेले राजस. आलेल्या पत्राच्या उत्तरादाखल पाठवलेले, किंवा कौतुकाची वाट पाहत पाठवलेले पत्र, त्यावरील छटा कितीही एकजीव असल्या तरी, दुसऱ्या प्रकारात मोडते.

नेवाशातच पूर्ण झालेल्या त्या ग्रंथाच्या शेवटी येणारे पसायदान हे शुभेच्छेचे परिपूर्ण रूप मानता येईल; त्यात एका विशिष्ट व्यक्तीचे नव्हे तर सर्व जीवांचे हित मागितले आहे, आणि मागणाऱ्याने त्यात स्वतःचा वेगळा वाटा ठेवलेला नाही. या मापाने ठशाचे फूल अर्पण ठरू शकते, पण ते हाताने उमटवले म्हणून नव्हे. ते देताना परत काही यावे ही इच्छा सोडली असेल, तरच.