आपला शब्द आपल्याच मुखी

२२ जून २००६ रोजी जर्मनीतील डॉर्टमुंड येथे विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत ब्राझीलने जपानचा ४-१ असा पराभव केला. सामना संपल्यावर जपानचे हिदेतोशी नाकाता मैदानाच्या मध्यभागी कितीतरी वेळ उताणे पडून राहिले. पुढे ३ जुलै रोजी, वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. पण ती पत्रकार परिषदेत नव्हे, तर इंटरनेटवरील स्वतःच्या संकेतस्थळावर, स्वतःच्या शब्दांत.

ही रीत त्यांना नवी नव्हती. १९९८ साली ते इटलीतील पेरुजा संघात गेले. तेथील पहिल्याच लीग सामन्यात त्यांनी बलाढ्य युव्हेंटसविरुद्ध दोन गोल केले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. जपानी वार्ताहर त्यांच्या मागोमाग इटलीत पोहोचले. परंतु वृत्तपत्रे आपल्या बोलण्याचा विपर्यास करतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून मायदेशीच्या पत्रकारांना टाळून ते आपल्या संकेतस्थळावर लिहीत आणि असंख्य चाहते ते थेट वाचत. त्या काळी खेळाडूने असे करणे हे नवलच होते.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याच्यावर लोक प्रेम करतात, त्याच्यावर लोकांचा हक्क किती? आपण म्हणतो, आमच्यामुळेच तो मोठा झाला. तेव्हा त्याने आमच्यापुढे मन मोकळे केलेच पाहिजे. परंतु प्रेक्षकाने तिकीट काढले ते खेळासाठी. त्या तिकिटात खेळाडूचे अंतःकरण विकले गेलेले नसते. ते त्याने आपण होऊन उघडले, तर ते दान होय. ती वसुली नव्हे.

दुसऱ्याचा शब्द वाहून नेणे ही किती जोखमीची गोष्ट आहे, हे भाषांतर करणाऱ्यास रोज अनुभवास येते. एक प्रत्यय चुकला, एक छटा गळाली, की मूळ बोलणारा भलताच मनुष्य होऊन बसतो. अशा अन्यायापासून आपला शब्द जपण्याचा नाकाता यांना पूर्ण अधिकार होता, असे मला वाटते.

तथापि, याला दुसरी बाजूही आहे. स्वतःच्या संकेतस्थळावर प्रतिप्रश्न करणारा कोणी नसतो. मनुष्य तेथे दाखवावयाचे तेवढेच दाखवतो. आज तर लहानथोर सर्वांच्याच हाती असे व्यासपीठ आले आहे. विपर्यास टाळण्याच्या नावाखाली सत्यही टाळता येते. म्हणून आपले म्हणणे आपल्या मुखाने सांगण्याच्या हक्काबरोबर, प्रामाणिक प्रश्नाला सामोरे जाण्याचे कर्तव्यही येते.

आणि आपले, चाहत्यांचे, कर्तव्य कोणते? एखाद्याचे चार शब्द वाचले म्हणजे तो मनुष्य आपल्याला कळला, असे होत नाही. डॉर्टमुंडच्या त्या मैदानावर हजारो डोळे नाकाता यांच्यावर खिळले होते; पण त्यांच्या मनातला निर्णय त्यांनी स्वतः सांगेपर्यंत जगाला ठाऊक नव्हता. वाचकहो, आवडत्या व्यक्तीविषयी ऐकलेली गोष्ट मोबाईलवरून पुढे धाडण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे आणि स्वतःस विचारावे: हे त्याचे शब्द आहेत, की आपण त्याच्या मुखी घातलेले?